दोन पट्ट्यांच्या मधला आवाज

अप्पांचा मुहूर्तावर जेवढा विश्वास होता त्याच्या निम्मा जरी माझा स्वतःच्या कानांवर असता, तर हे प्रकरण लिहायची पाळी माझ्यावर आली नसती. अप्पा म्हणजे माझे वडील. शाहूपुरीत आमचं कॅसेटचं दुकान, दुकानामागं राहतं घर, आणि घराच्या मागच्या अंगाला, जिथं आजोबांच्या काळात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, साठवत, तिथं अप्पांनी रेकॉर्डिंगची खोली केलेली. सकाळी घराला जाग यायची ती त्यांच्या पूजेच्या घंटीनं. कपाळाला विभूती ओढून ते इष्टलिंग तळहातावर घेऊन बसत, तिकडे अव्वा, म्हणजे माझी आई, भाकरी थापत असे, आणि त्या थापण्याच्या आवाजात बाहेरच्या गुळाच्या सौद्याचा कालवा मिसळलेला असे. अव्वा निपाणीच्या पलीकडची. रागावली की तिचं मराठी संपायचं आणि कानडी सुरू व्हायचं. खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवतात, असं अप्पा कुठंसं बघून आले. रिकामे असले म्हणून काय झालं, लिंगायताच्या घरात अंड्याचे ट्रे? अव्वा फक्त "साकु!" म्हणाली, म्हणजे पुरे झालं, आणि तो विषय तिथंच मिटला. मग भिंतींना गुळाचं जुनं बारदान ठोकलं आणि त्यावर वाकळा. त्या खोलीला कायम गुळाचा वास. गाणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि मिक्सरच्या बटणांत मुंग्या व्हायच्या.

संगणक आला तेव्हा मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते, आणि महिन्याकाठी एखादा पाहुणा येऊन मला बघून जात होता. अप्पांनी हौसेनं यंत्र आणलं खरं, पण त्याला हात लावायची त्यांना धास्ती वाटे. "गिरजे, तू शिकल्याली हाईस, तू बग," म्हणाले. मी बघितलं. झेरॉक्स काढलेलं एक जाड माहितीपुस्तक होतं, ते मी पाठ करावं तसं वाचलं, आणि दोन महिन्यांत त्या खोलीची मालकीण झाले. गाणी मुद्रित करायचं ते सॉफ्टवेअर दिसायला सरकारी कचेरीतल्या कपाटासारखं होतं, करडं आणि चौकोनी. पण चुलीवरचं दूध वर यायच्या आत सुरू व्हायचं आणि सांगितलं तेवढंच करायचं. एका सेकंदात आवाजाचे किती तुकडे करून साठवायचे, हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा पहिल्याच पानावर उजव्या कोपऱ्यात ठळक दिसायचा. मला न विचारता तो कधी बदलला नाही. वीज गेली आणि यंत्र धाडकन बंद पडलं, तरी परत आल्यावर गाणं जिथल्या तिथं सापडायचं. कुणीतरी जबाबदार माणसानं, आपल्या हातून कुणाचं नुकसान होऊ नये एवढ्या काळजीनं ते लिहिलेलं होतं, असं मला तेव्हाही वाटायचं. आमची प्रत चोरीची होती हे कबूल करते. पुढं मी रीतसर विकत घेऊन वापरू लागले, आणि विकतचं काय लायकीचं असतं तेही मला कळलं.

शेवंतामावशी आमच्याकडं आल्या त्या उन्हाळ्याच्या तोंडाला. गडमुडशिंगीच्या बौद्ध वस्तीत राहायच्या, दिवसा लोकांच्या रानात तण भांगलायला जायच्या, आणि एप्रिलमधली जयंती जवळ आली की गावोगावच्या मांडवांत गायच्या. गाणी त्यांनीच रचलेली. त्यांचे मालक, ज्यांना सगळे तात्या म्हणत, पेटी वाजवायचे, आणि एक पुतण्या ढोलकीला. मावशींचा आवाज बायकांचा असतो तसा बारीक नव्हता. खालचा, भरीव, रिकाम्या घागरीत बोलल्यावर येतो तसा. पेटीवर त्या पांढरी पाच या पट्टीत गायच्या आणि प्रत्येक शब्दाला त्याचा वेळ द्यायच्या. मी कानावर लावायचा हेडफोन पुढं केला तर त्यांनी तो दोन बोटांनी बाजूला ठेवला.

"कानांत बोळं घालून कोन गातंय? मला माजा आवाज ऐकू याला नगो व्हय?"

पहिल्या दिवशी गाणं संपल्यावर त्या खोलीतल्या स्टुलावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "पोरी, तीस वर्सं मी मांडवात गातोय. माजी गानी दुसरीच मानसं उचलत्यात आनि सोताच्या नावावर कॅशेटी काडत्यात. एकडाव माज्या आवाजात ऱ्हाऊ दे. मग मी मेलो तरी चालंल."

"नाव घालणार की मावशी, फोटोबी घालणार," मी म्हटलं.

"फोटू ऱ्हाऊ दे. आवाज नीट घे."

एवढंच मागणं होतं त्या बाईचं. पाच दिवसांत आठ गाणी झाली. त्या पाच दिवसांत अव्वानं त्यांना चहा दिला तो खिडकीतल्या वेगळ्या कपांत. ते कप कुणासाठी वेगळे ठेवलेत हे घरात कुणी बोलत नसे, आणि मीही बोलले नाही. मावशींना ते कळत नव्हतं असं समजू नका. पिऊन झाला की त्या स्वतःच कप विसळून पुन्हा खिडकीत पालथा घालायच्या. ते आठवलं की आजही माझी मान खाली जाते. मी मात्र त्यांच्याबरोबर बसून त्यांनी आणलेली भाकरी हिरव्या मिरचीच्या खर्ड्याबरोबर खाल्ली आणि स्वतःला मोठी पुढारलेली समजले.

आवाज मुद्रित झाला होता, फक्त गाण्यांची जुळणी व्हायची होती, ढोलकी जरा मागं, आवाज जरा पुढं, एवढंच. आणि मध्ये पाडवा आला. अप्पांची रीत अशी, की नवं काही असेल ते पाडव्याला. नवी वही पाडव्याला, नवी टेप पाडव्याला, दुकानाचा रंगही पाडव्याला. राजारामपुरीत संगणक दुरुस्त करणारा एक प्रकाश नावाचा माणूस होता, त्यानं आठवडाभर अप्पांपाशी लावून धरलं होतं की नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली आहे, त्यावर चालणारी त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्तीही आली आहे, जुनं आता कुणी वापरत नाही. मी म्हटलं, अप्पा, मावशींचं काम अर्ध्यावर आहे, ते संपू दे, मग करू. अप्पा म्हणाले, "मग काय पुढच्या पाडव्याला? मुहूर्त काय तुज्या कामासाठी थांबतोय व्हय?"

तर पाडव्याच्या सकाळी, दारात गुढी, तोंडात कडुनिंबाची कडू चव, आणि आतल्या खोलीत संगणकाच्या काचेला हळदकुंकू. अप्पांनी नारळ फोडला. प्रकाशनं मावशींची गाणी दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवली, जुनं सगळं पुसलं आणि नवं चढवलं. मी बघत उभी राहिले. चालतं गाडं मोडून मुहूर्तावर नवं चाक बसवणारी माणसं आमच्याशिवाय जगात कुठं असतील असं मला वाटत नाही. तिकडं ती कंपनीवाली मंडळी चालतं मोडायला तयार आणि इकडं आम्ही नारळ घेऊन उभे. नवी सिस्टीम निळीहिरवी, गुळगुळीत, लग्नातल्या मांडवासारखी सजलेली. सुरू व्हायला तिला इतका वेळ लागला की अव्वाची पुरणपोळी तव्यावरून ताटात आली. मी त्या दुसऱ्या डिस्कवरचं शेवंतामावशींचं पहिलं गाणं उघडलं. एक चौकट आली. हे काम जुन्या पद्धतीचं आहे, नव्या पद्धतीत बदलायचं का? मी होय म्हटलं. ते बदललं, आणि मला न विचारता जुन्याच्याच जागी साठवलं. आठही गाण्यांचं तसंच झालं.

आज सकाळचीच गोष्ट. माझ्या टेबलावरच्या संगणकानं मला विचारलं, नवी आवृत्ती आली आहे, आत्ता बसवू की नंतर? खाली दोनच बटणं, 'आत्ता' आणि 'नंतर'. 'नको' असं बटण त्या शहाण्यांनी ठेवलेलंच नाही. नको म्हणायचा हक्क माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या पैशानं घेतलेल्या यंत्रापुढं मला नाही. गाणं उघडायला आता इंटरनेट लागतं, कारण सॉफ्टवेअर आधी कुठल्यातरी दूरच्या यंत्राला विचारतं, ही बाई खरी आहे का? वर्षाला बटणांच्या जागा बदलतात. काल जिथं कात्री होती तिथं आज दुकान असतं, आणखी काही विकत घ्या म्हणणारं. ऐन मुद्रणात बंद पडतं आणि वर 'क्षमस्व' म्हणतं. कुणाची क्षमा, कशाबद्दल? रोजानं आलेल्या गवंड्यानं अशी भिंत बांधली असती तर लोकांनी त्याला गावातून हाकललं असतं. ह्या लोकांची मात्र दर वर्षी नव्या रंगात मिरवणूक निघते. माझा मुलगा म्हणतो, आई, एवढी चिडतेस कशाला. त्याला काय सांगू?

तर त्या पाडव्याला ते गाणं मी ऐकलं, आणि पहिल्या ओळीलाच थांबवून पुन्हा लावलं. शब्द तेच, चाल तीच, पण बाई वेगळी. आवाज वर चढलेला, पातळ, आणि गाणं पुढं पळणारं. मी खोलीतली पेटी ओढली आणि पांढरी पाच दाबली. जुळेना. काळी चार दाबली, जुळेना. पांढरी सहा दाबली, तीही नाही. आवाज दोन पट्ट्यांच्या मधे कुठंतरी लोंबकळत होता, जिथं पेटीला पट्टीच नसते. मी अप्पांना हाक मारली. ते प्रकाशला घेऊन आले. प्रकाश म्हणाला, नव्या आवृत्तीत आवाज खुलतो, ताजा वाटतो, आधी दबल्यासारखा यायचा. अप्पांनी पेटीकडं बोट केलं.

"पेटी उतरलीया तुजी. उन्हाळा हाय. मशीन चुकतंय व्हय कुटं?"

"अप्पा, मावशींचा आवाज असा नाही."

"कुनाला कळतंय गिरजे? मांडवातच वाजायचं की. धा दिवसांवर जयंती आली, कॅशेटी काडाय नगोत?"

मांडवातच वाजायचं. आमच्या जंगमस्वामींच्या भजनांची कॅसेट असती तर अप्पांच्या तोंडातून हे वाक्य निघालं असतं का? नसतं निघालं. ते मला तिथल्या तिथं कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी केलं काय? त्याच आवाजाच्या कॅसेटी काढल्या. मावशी तोवर रोज संध्याकाळी वेगळ्या गावच्या मांडवात होत्या, त्यांना पुन्हा बोलावणं शक्य नव्हतं, जुनं सॉफ्टवेअर नव्या सिस्टीमवर चढत नव्हतं, असली सगळी कारणं माझ्यापाशी होती आणि ती खरीही होती. पण त्यांच्याखाली आणखी एक कारण होतं. मनातून मलाही वाटत होतं की संगणक चुकणार नाही, माझे कान चुकत असतील. ज्या कानांनी मी जन्मभर ऐकलं त्यांना मी खोटं पाडलं, आणि पाडव्याला आलेल्या पाहुण्याला खरं मानलं.

जयंतीला कॅसेटींचं खोकं घेऊन मी एसटीनं गडमुडशिंगीला गेले. विहारापुढं मंडप, पताका, ट्रॅक्टरवर कर्णे. मावशींचा घसा पंधरा दिवस गाऊन पार बसलेला. दर वर्षी तसंच व्हायचं, म्हणून तर यंदा कॅसेट वाजणार याचा त्यांना कोण आनंद. नवं पांढरं लुगडं नेसून त्या पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या. शेजारी तात्या पेटी घेऊन, कॅसेटबरोबर साथ धरायला. गाणं सुरू झालं. पोरापोरींनी उड्या मारायला सुरुवात केली, चाल पळती झाली होती ना. कुणीतरी ओरडलं, "मावशी, कवळ्या झाला की वो!" आणि सगळे हसले. तात्यांचा हात पेटीवर इकडून तिकडं फिरत होता. ते वाकून मावशींना म्हणाले, "पट्टी घावंना." दोनदा म्हणाले. मग त्यांनी भाता बंद केला आणि हात मांडीवर ठेवले.

मावशी कर्ण्याकडं बघत होत्या. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. घशातून आवाज फुटत नव्हता, फुसफुसल्या, "पोरी, ही बाई कोन?"

मी खोक्यातल्या कॅसेटी उगाच नीट लावू लागले.

"चांगली गाती. पन ही मी न्हवं."

त्या क्षणी मी खरं सांगू शकले असते. आम्ही घाण केली, मावशी. तुमचं काम संपायच्या आधी आम्ही मुहूर्त साधला, आणि तुमचा आवाज आमच्या हातून गेला. एवढं बोलायला किती वेळ लागतो? मी म्हणाले, "मावशी, आपला आवाज आपल्याला असाच परका वाटतो. मशीन खरा आवाज दाखवतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्यावर संशय नव्हता त्या नजरेत, तेच मला सहन होत नाही. शिकलेली पोर सांगते म्हणजे खरंच असणार, अशी ती नजर होती. "असं व्हय," त्या म्हणाल्या. "मग असंल बाई."

त्यानंतर माझं लग्न झालं, पण सासर गावातच मिळालं आणि खोली माझ्याकडंच राहिली. चार वर्षं गेली. एकदा जयसिंगपूरच्या एका गुरुजींनी दुसरीकडं मुद्रित केलेली शाळेच्या पोरांची गाणी आणली, आणि आमच्या संगणकावर ती पोरं म्हाताऱ्यांसारखी संथ, जाड आवाजात गाऊ लागली. ह्या वेळी मी अप्पांना हाक मारली नाही. चार दिवस त्या सॉफ्टवेअरमधला प्रत्येक कप्पा उघडून बघितला. तिसऱ्या कप्प्याच्या आतल्या चौथ्या पानावर, शेवटच्या ओळीत, एक चौकोन होता आणि त्यात बरोबरची खूण. सेकंदाला आवाजाचे तुकडे किती, तो जुना आकडा तिथं दडवून ठेवला होता, आणि कुणाच्या तरी शहाणपणानं तो आपोआप दुसऱ्याच आकड्यावर नेला होता. मुद्रण ज्या आकड्यावर झालं त्यापेक्षा तो जास्त असला की गाणं वर चढून पळतं, कमी असला की जाड होऊन रेंगाळतं; आमची नवी गाणी त्याच नव्या आकड्यावर मुद्रित होत, म्हणून चार वर्षं ते कळलं नाही. मी ती खूण काढली. गुरुजींची पोरं पोरांसारखी गाऊ लागली. मग मी कपाटातून शेवंतामावशींची डिस्क काढली. पहिलं गाणं लावलं. आवाज आला. खालचा, भरीव, आपला वेळ घेणारा. मी पांढरी पाच दाबली आणि ती तंतोतंत जुळली. आवाज कुठंही गेला नव्हता. चार वर्षं तो तिथंच होता, एका खुणेमागं कोंडलेला. मी त्या खोलीत, गुळाच्या वासात, अव्वा धावत येईल इतक्या मोठ्यानं ओरडले. काय शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येत नाहीत. निम्म्या ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या अनोळखी लोकांना होत्या आणि निम्म्या मला.

दुसऱ्याच दिवशी नीट जुळवलेली कॅसेट घेऊन मी गडमुडशिंगी गाठली. मावशी दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी विचारलं, कशा आहात? त्यांनी गळ्याकडं बोट केलं. आवाज नव्हताच, नुसतं कापड फाटल्यासारखं काहीतरी.

"गाठी आल्यात. डाक्टर म्हंतोय, गाऊ नगंस."

"कशानं आल्या?"

"कशानं म्हंजे?" त्या हसल्या. "लोकं म्हनायची, कॅशेटीत म्हनलंयसा तसं म्हना. तूबी म्हनलीस, खरा आवाज त्योच. मग तसंच गायला बगत हुतो. वर चडवून, पळवून. चार वर्सं त्या बाईवानी गायला बगत हुतो. न्हाय जमलं."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. पाडवा, नारळ, पेटी, ती खूण, आणि मांडवातलं माझं खोटं. त्या शेंगा फोडत राहिल्या. सांगून झाल्यावर सुपातल्या शेंगा संपल्या होत्या. मग म्हणाल्या, "लाव."

त्यांच्याच टेपवर मी कॅसेट लावली. पहिल्या ओळीला टरफलं गोळा करणारे त्यांचे हात थांबले. दुसऱ्या ओळीला डोळे मिटले. ओठ हलत होते, आवाजाशिवाय, पण प्रत्येक शब्द आपल्या जागी पडत होता. आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. त्यांची सून, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, जिनं सासूची गाणी फक्त त्या पळत्या कॅसेटीवरच ऐकलेली, पीठ माखलेल्या हातानं दारात आली आणि टेपकडं बघून म्हणाली, "आत्या, टेपचा पट्टा ढिला झालाय जनू. आवाज बगा की कसा बसलाय."

मावशींनी डोळे उघडले नाहीत.

"ढिला न्हाय गं," त्या म्हणाल्या. "ही मी हाय."